सव्वादोन ते पावणेतीन

बांगडीचं माप मनगटावरून ठरत नाही, मुठीवरून ठरतं. मनगट कितीही बारीक असो, अंगठा आत मुडपल्यावर पंजाचा जो सगळ्यात रुंद भाग उरतो, तो ओलांडून बांगडी गेली पाहिजे. म्हणून आम्ही कासार हात नुसता बघत नाही, हातात घेतो. अंगठ्याखालची गादी दाबायची, सांधे कितपत वळतात ते बघायचं आणि माप सांगायचं. सव्वादोन, दोन-सहा, अडीच, दोन-दहा, पावणेतीन. ही इंचांची मापं. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर एका इंचाच्या सोळा भागांतले सहा.

२००१ साली माझ्या लग्नात चुडा भरला तेव्हा माझा हात सव्वादोनचा होता. माझ्या चुलतसासूबाईंनी भरला. हात धरून त्या म्हणाल्या होत्या, "लेकराचा हात हाय गं हा." २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच हातात पावणेतीनची बांगडी जात नव्हती.

आमचं दुकान गेवराईत, मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. दुकान म्हणजे दहा फुटांची पत्र्याची खोली आणि पुढं लाकडी बाकडं. माल उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादचा. दुकानापेक्षा जास्त धंदा बाजारात आणि जत्रेत. शनी अमावास्येला राक्षसभुवनला गोदावरीच्या काठी, नवरात्रात तलवाड्याला त्वरिता देवीच्या पायथ्याशी. शेजारी मणियारांच्या पालांची रांग, त्यात आमचं एक पाल. मालक माल आणतात, हिशेब बघतात. बांगडी भरायचं काम माझं. बायका बाईच्या हातानं भरून घेतात.

या कामात हात वाचायला आपोआप येतं. कापूस वेचणारीची बोटं नखांच्या कडेला चिरलेली असतात. नव्या नवरीचा हात घाबरून आखडतो, त्याला बोलण्यात गुंतवून सैल करावं लागतं. पोटुशी बाईचा हात सकाळी एक असतो, संध्याकाळी सुजून दुसरा. आणि ऊसतोडीच्या बायकांचे हात. आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयता धरून उजव्या तळव्याला घट्टे पडतात, पाचटानं मनगटापर्यंत ओरखडे उठतात. कारखान्याचा पट्टा पडला की त्या परततात आणि पहिल्या बाजारात माझ्यापुढं हात पसरून बसतात. सहा महिन्यांत कुणाच्या हाताचं काय झालं ते मला दाबल्याबरोबर कळतं. कुणाचा हात वाळला हेही कळतं. "जेवत नाहीस काय गं?" असं मी विचारते आणि त्या मान खाली घालतात.

एवढं ज्या बाईला कळत होतं, तिला स्वतःच्या हाताचं आठ वर्षं कळलं नाही.

सुरुवात कधी झाली ते मला आजही सांगता येत नाही. धाकटी मुलगी झाल्यावर सव्वादोनच्या जागी दोन-सहा लागायला लागली. त्यात काय नवल, बाळंतपणात अंग भरतं. मग अडीच. जोडवी इतकी रुतली की सोनाराकडं जाऊन कापून घ्यावी लागली. सहा नंबरची चप्पल आठ नंबरची झाली, मग दुकानदार म्हणाला, बाई, आता पुरुषांतलीच बघा. पुढच्या दातांत फट पडली, भाकरीचा तुकडा अडकायचा. आवाज जाड झाला. फोनवर माल मागवला की पलीकडून "हां दादा, लिहून घेतो" यायचं. रात्री घोरण्यानं मुलींची झोप मोडायची. माघाच्या थंडीतही ब्लाऊज घामानं भिजायचा. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं एक कारण तयार असायचं. वय, काम, ऊन, बाळंतपण, आईकडची हाडं.

दवाखान्यात जात नव्हते असंही नाही. गुडघ्यांसाठी एका डॉक्टरांकडं गेले, त्यांनी गुडघ्याच्या गोळ्या दिल्या. रक्तदाब निघाला, त्याची गोळी सुरू झाली. साखर निघाली, तिची दुसरी. रात्री हाताला मुंग्या यायच्या, त्यासाठी ताकदीची इंजेक्शनं झाली. २०१६ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, पाळी बंद झाली. एका खाजगी डॉक्टरनी सोनोग्राफी बघून पिशवी काढून टाका, असं सांगितलं. हे आमच्याकडं किती सहज सांगितलं जातं! बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या पिशव्यांची इतकी चर्चा झाली की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. माझ्यासमोर हात पसरणाऱ्या बायकांत पंचविशी-तिशीत पिशवी काढलेल्या किती होत्या ते मला ठाऊक आहे. माझी राहिली, कारण तेव्हा सलग दुसरा दुष्काळ होता आणि बांगड्यांना गिऱ्हाईक नव्हतं. पैसे नव्हते म्हणून राहिली. पुढं कळलं, पाळी थांबल्याचं कारण पिशवीत नव्हतंच. ते दोन्ही डोळ्यांच्या मागं, कवटीच्या तळाशी बसलेलं होतं.

मला आजाराचा खरा धक्का बसला तो कामात. बांगडी चढवताना गिऱ्हाइकाच्या हाताला किती दाब द्यायचा, हे आमच्या बोटांच्या टोकांना कळतं. बोटंच बधिर झाली तर? आधी महिन्यात एखादी बांगडी माझ्या हातून जायची, मग दिवसाला चार-पाच जायला लागल्या. एका हळदीच्या घरी नवरीला चुडा भरताना बांगडी मोडली आणि काच तिच्या अंगठ्याखाली घुसली. हिरव्या लुगड्यावर रक्त सांडलं. मांडवातल्या बायका गप्प झाल्या. कासाराच्या घरात 'बांगडी फुटली' असं कुणी म्हणत नाही, 'बांगडी वाढली' म्हणतात. त्या मांडवात मला तो शब्दही उच्चारता आला नाही. मी पैसे न घेता परत आले आणि त्यानंतर लग्नाघरी जाणं सोडलं. चुडा भरायला जाऊबाईंना पाठवायला लागले.

माझ्यातला फरक पहिल्यांदा नीट बघितला तो एका ऊसतोडीच्या बाईनं. शिरसदेवीकडच्या वस्तीवरची, दर साली जाताना आणि आल्यावर, अशी दोनदाच भेटायची. २०१९ च्या चैत्रात ती बाकड्यावर बसली. मी तिचा हात धरला, तर तिनंच माझा हात उलटा करून धरला आणि म्हणाली, "मावशी, तुमचा हात असा कसा झाला वो? दिवाळीला असा नव्हता. आन् तोंड बी बदललंय तुमचं." मी हसून टाळलं. रोज माझ्यासोबत जेवणाऱ्या माणसांना, माझ्या मालकांना, मुलींना जे दिसलं नव्हतं, ते तिला दिसलं. तिनं मला मधले सहा महिने बघितलेलं नव्हतं ना!

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी दुकान उघडून बसले. साबणाचं पाणी घेतलं आणि पावणेतीनची बांगडी घालून बघितली. ती बोटांच्या मुळांशी अडकली. त्याहून मोठं माप आमच्या दुकानात नव्हतं. माझ्या हातातल्या अडीचच्या बांगड्या तीन वर्षांपूर्वी भरलेल्या होत्या, त्या काढल्याच नव्हत्या. काढायला गेले असते तर तेव्हाच कळलं असतं.

तोपर्यंत नजरेचंही बिघडलं होतं. बाकड्याच्या दोन्ही टोकांना लटकवलेल्या बांगड्या मला दिसायच्या नाहीत. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं नाही. राक्षसभुवनच्या गर्दीत लोक अंगावर आपटायचे आणि मला वाटायचं, लोकच आंधळे झालेत. डोळे तपासायच्या एका शिबिरात गेले. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीनं चष्म्याचा नंबर काढायच्या आधी माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग समोर बसून दोन्ही हात पसरले आणि बोटं हलवत कडेकडून आत आणली. "दिसली की सांगा." बोटं जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा मी हो म्हणाले. ती विचारते, "काकू, तुमच्या लग्नातला फोटो आहे का घरी?" डोळ्याच्या डॉक्टरला लग्नाचा फोटो कशाला हवा? मालक घरी जाऊन अल्बम घेऊन आले. तिनं फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. कपाळाचं हाड, नाक, ओठ, हनुवटी. मालकांनीही तेव्हाच पहिल्यांदा दोन्ही एकत्र बघितले. ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

या आजाराला ॲक्रोमेगली म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ शरीराची टोकं मोठी होणं. पॅरिसच्या प्येर मारी या डॉक्टरांनी १८८६ मध्ये त्याला हे नाव दिलं. नाकाच्या मागं, कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. मराठी पुस्तकांत तिला पीयूषिका म्हणतात. वाढ, पाळी, दूध, थायरॉईड, अंगातलं पाणी, ताण सोसायची ताकद, या सगळ्यांचे निरोप तिथून निघतात. तिच्यात गाठ झाली आणि ती वाढीचं संप्रेरक ओतत राहिली, तर लहान मूल अतोनात उंच होतं. मोठ्या माणसाच्या हाडांची लांबी वाढायची थांबलेली असते, म्हणून ते उंच होत नाही, रुंद होतं. गाठ वर सरकली की डोळ्यांच्या नसांची जिथं फुली होते, तिथंच दाब पडतो आणि दोन्ही बाजूंची नजर जाते. साखर, रक्तदाब, घाम, घोरणं, मुंग्या, गुडघे... आठ वर्षं मी ज्यांच्यासाठी वेगवेगळ्या चिठ्ठ्या जमवल्या, ती सगळी दुखणी एकाच वाटाण्यातून आलेली होती.

संभाजीनगरला एमआरआय झाला. अहवालात गाठ २.६ सेंटिमीटर. ते वाचून माझ्या मनात पहिल्यांदा बांगडीच आली. दोन-सहा.

गाठ म्हटल्यावर घरात रडारड झाली. आत्याबाईंनी देव पाण्यात घातले. खरं तर पिट्युटरीच्या गाठी जवळजवळ नेहमीच कॅन्सरच्या नसतात. हे मला डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, आणि मी ते गावात पुढची दोन वर्षं सांगत राहिले. कुणी आमच्या घरचं पाणी प्यायचं टाळलं, कुणी बाकड्यावर बसायचं. त्यांच्यावर माझा राग नाही. पण धंद्याचे ते दिवस फार वाईट गेले, हे खरं.

ऑपरेशनसाठी मुंबईला केईएमला जायचं ठरलं. गेवराईला रेल्वे नाही. एसटीनं संभाजीनगर, तिथून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, सकाळी दादर. काळाचौकीला मालकांच्या चुलतभावाच्या खोलीत सात माणसांत आम्ही दोघं राहिलो. रक्तातल्या तपासण्या, ग्लुकोजचं पाणी पाजून तासातासानं घेतलेलं रक्त. निरोगी माणसात साखर प्यायल्यावर हे संप्रेरक खाली येतं, माझं येत नव्हतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन मालक आरोग्यमित्राच्या टेबलापुढं उभे राहिले आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कागद मंजूर झाले. ती योजना नसती तर हे लिहायला मी नसते, किंवा आंधळी असते.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर आल्या. "अंगावरचं सगळं काढा." मंगळसूत्र मालकांच्या हाती दिलं. बांगड्या निघेनात. साबण लावला, तेल लावलं, सिस्टरनी पिशवी गुंडाळून ओढून बघितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अडकलेल्या बांगड्या काढल्या, माझ्या मलाच निघेनात. सिस्टर म्हणाल्या, "कापायला लागतील." मी म्हटलं, मी करते. ओला टॉवेल हातावर गुंडाळला, खाटेच्या लोखंडी कडेवर हात ठेवला आणि एकेक बांगडी वाढवली. दोन्ही हातांत मिळून अकरा. आत्याबाई गावी होत्या हे बरं झालं. मालक पाठ करून उभे होते. मोकळे हात मी रात्रभर पदराखाली ठेवले.

ऑपरेशन नाकातून झालं. डोकं उघडलं नाही. दुर्बीण नाकातून घालून मागचं पातळ हाड पार करून गाठ काढतात. ही नाकाची वाट १९०७ पासूनची. ऑस्ट्रियात श्लोफर नावाच्या सर्जननं पहिल्यांदा घेतली. शुद्धीवर आले तेव्हा नाकात बोळे, घसा कोरडा, आणि जाणवलं की खिडकी दिसतेय. खिडकी माझ्या डाव्या कडेला होती.

पुढचे दिवस नुसते मापाचे. ग्रंथीला धक्का लागला की अंगात पाणी धरून ठेवायचा निरोप थांबू शकतो, मग घागरभर पाणी प्यालं तरी तहान जात नाही. म्हणून प्यालेलं पाणी मोजायचं, लघवी मोजायची, वहीत लिहायचं. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. चौथ्या दिवशी सकाळी बोटं मला सैल वाटली. मालकांना पिशवीतून पावणेतीनची बांगडी काढायला सांगितली. येताना एक रिकामी सोबत ठेवली होती. ती सरळ गेली. हाडं तीच होती, पण मांसातलं साचलेलं पाणी उतरलं होतं. वॉर्डातल्या बायका खाटेभोवती जमल्या.

त्या बायकांत एक सातारकडची मुलगी होती. लग्नाला चार वर्षं, मूल नाही, पाळी नाही, आणि बाळ नसताना दूध येतं म्हणून सासरी नको ते बोलणं. तिचीही पिट्युटरीचीच गाठ, पण दुधाचं संप्रेरक ओतणारी. तिला आठवड्याला दोन गोळ्या घेऊन गाठ आटेल असं सांगून घरी सोडलं, सुरीसुद्धा लागली नाही. दुसऱ्या एका बाईचं तोंड चंद्रासारखं गोल, मानेमागं गोळा, पोटावर जांभळे चट्टे, आणि हातपाय काडीसारखे. तिला कुशिंगचा आजार. ग्रंथी एकच आणि आम्ही तिघी तीन रूपांच्या. आपापल्या गावात तिघींनाही लोकांनी वेगवेगळं काही म्हटलं होतं, आणि तिघींनाही ते खरं वाटलं होतं.

मोठ्या मुलीनं नंतर मला मेरी ॲन बेव्हन या बाईची गोष्ट वाचून दाखवली. लंडनची नर्स. लग्नानंतर तिला हाच आजार झाला. १९१४ मध्ये नवरा गेला, पदरात चार लेकरं. चेहरा बदललेला, त्यामुळं काम मिळेना. शेवटी ती 'जगातली सर्वांत कुरूप बाई' म्हणून न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत लोकांसमोर बसली. लेकरं शिकवली आणि १९३३ मध्ये गेली. मी जत्रेत बसणारी बाई आहे. पालासमोरून जाणाऱ्या पोरांनी माझ्याकडं बोट दाखवून हसलेलं मी ऐकलंय. पण माझ्यापुढं बांगड्या मांडलेल्या होत्या. लोकांना बघायला काहीतरी दुसरं होतं. तिच्यापुढं काहीच नव्हतं. त्या बाईचा विचार माझ्या मनातून जात नाही.

गाठ सगळी निघाली नाही. मानेतून मेंदूकडं जाणारी मोठी रक्तवाहिनी जिथं आहे, तिला बिलगलेला तुकडा सोडावा लागला. आठवड्याच्या गोळ्या सुरू झाल्या. २०२० च्या मार्चमध्ये एसटी बंद, रेल्वे बंद, बाजार बंद, लग्नं बंद. बांगड्या धूळ खात पडल्या. माझी खरी भीती दुसऱ्या गोळीची होती, हायड्रोकॉर्टिसोनची. ताण सोसायचं संप्रेरक माझ्या अंगात पुरेसं तयार होत नाही, ते गोळीतून घ्यावं लागतं. ती एक दिवसही चुकवायची नाही, ताप आला तर दुप्पट घ्यायची, उलट्या होऊन गोळी टिकली नाही तर ताबडतोब इंजेक्शन. हे एका चिठ्ठीवर लिहून मी मंगळसूत्राच्या डबीत नव्हे, कमरेच्या पिशवीत ठेवते. गर्दीत पडले तर आधी तिथंच कुणीतरी बघेल. लॉकडाऊनमध्ये आमच्या गेवराईतल्या औषधवाल्यानं त्या गोळ्या बीडवरून मागवून दिल्या, एकदा स्वतः मोटारसायकलवर जाऊन आणल्या. २०२१ मध्ये पुन्हा मुंबई, साडेपाच आठवडे किरणं. त्यांचा परिणाम हळूहळू, वर्षानुवर्षांत दिसतो.

आज साखरेची गोळी निम्म्यावर आहे. घोरणं कमी झालं. मुंग्या गेल्या, त्यामुळं काम परत हाती आलं. जबडा, कपाळ, पाय मात्र तसेच राहिले. वाढलेलं हाड मागं जात नाही. पुरुषांचीच चप्पल घालते. लग्नाघरी चुडा भरायला पुन्हा जाते. पहिल्या वेळी तासभर हात थरथरला.

आता गिऱ्हाइकाचा हात धरला की मी गेल्या वेळचं माप वहीत बघते. आधी वही उधारीची होती, आता समोर मापही लिहिते. चाळिशीच्या एका बाईचं माप दोन वर्षांत दोनदा वाढलं, तिला मी बळंच दवाखान्यात पाठवलं. तिचं थायरॉईड निघालं. तेही बरं झालं. दुसऱ्या एकीचं काहीच निघालं नाही, नुसती जाड झाली होती, आणि ती माझ्यावर चिडली. चिडू दे.

शिरसदेवीकडची ती बाई यंदा पट्टा पडल्यावर आली. मी तिचा हात धरायच्या आत तिनं माझा धरला, अंगठ्याखाली दाबून बघितला, आमच्यासारखाच. "दोन-दहा बगा बरं," म्हणाली. मी म्हटलं, नाही जाणार. तिनं ऐकलं नाही. हिरवी बांगडी उचलली, माझा अंगठा आत मुडपला आणि ढकलायला लागली. घट्ट्यांनी भरलेला तिचा तळवा माझ्या पंजावर खरवडत होता. बांगडी बोटांच्या मुळांशी अडकली. तिनं तिथंच थांबवली, वाढू दिली नाही, हळूच मागं घेतली.

"पावणेतीनच भरा मग," मी म्हटलं.

तिनं सहा-सहा भरल्या. मग बाकड्यावर बसून आपला हात पुढं केला. अडीच. पण अंगठ्याखालची गादी यंदा वाळलेली होती. मी विचारलं, "जेवत नाहीस काय गं?"